गुडघ्यातला खड्डा आणि लॅबमध्ये वाढवलेल्या माझ्याच पेशी

"ताई तू ते गुडघ्याचं स्टेम सेलचं केलंस ना?" असे फोन मला अजून येतात, ओळखीतल्यांचे, ओळखीतल्यांच्या ओळखीतल्यांचे, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं म्हणजे तास जातो, म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवते. तर आधी हे की मी स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, घेतलेल्या नाहीत. माझ्या गुडघ्यातल्या कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावर जो पांढरा गुळगुळीत थर असतो ना कार्टिलेजचा, त्याचा छोटासा तुकडा काढला, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या आणि त्याच माझ्या गुडघ्यात परत बसवल्या. डॉक्टर लोक याला एसीआय म्हणतात, ऑटोलॉगस कॉन्ड्रोसाइट इम्प्लांटेशन. दोन ऑपरेशनं, मध्ये लॅबचा काळ, आणि नंतर वर्षभर व्यायाम. हे वर्षभराचं फोनवर सांगितलं की समोरचा गप्प होतो, पण खरा उपचार तिथेच आहे असं माझं मत झालंय.

मी सांगली जिल्ह्यात एका शाळेत पीटी शिकवते. शाळेत असल्यापासून खो-खो खेळले, नंतर मुलींना शिकवत राहिले. मैदानावर मुलींना हुलकावणी कशी द्यायची ते दाखवत होते, पाय मातीत रोवलेला राहिला आणि अंग फिरलं, गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला जो मला आत ऐकू आला, बाहेर कुणाला नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. मग जे सगळीकडे होतं तेच, कुणी म्हणालं वाटी सरकली, कुणी म्हणालं वंगण संपलं, सासूबाईंनी हळदीचा लेप लावला, सूज उतरली, पण जिना उतरताना मध्येच काहीतरी अडकायचं आणि पाय एकदम दगा द्यायचा. एमआरआयमध्ये लिगामेंट म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे शाबूत, मेनिस्कस म्हणजे मधली चकती पण शाबूत, मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलाव्यावर मात्र कूर्चा तळापर्यंत गेलेली, साधारण तीन चौरस सेंटिमीटरचा खड्डा, खाली हाड उघडं.

मी विचारलं की एवढीशी जखम आपोआप का भरत नाही, हात मोडला तर हाड सुद्धा जुळतं की. तर पुण्याच्या डॉक्टरांनी फार छान समजावलं. कूर्चेला रक्तवाहिन्याच नाहीत, नसाही नाहीत. त्यामुळे खड्डा पडत असताना तिथे दुखतही नाही आणि पडल्यावर दुरुस्तीचं सामान घेऊन रक्तही तिथे पोचत नाही. जिवंत पेशी त्यात फार थोड्या, जेमतेम काही टक्के, बाकी सगळं पाणी आणि कोलाजन नावाचं तंतूंचं प्रोटीन वगैरे. लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं म्हणे की कूर्चा एकदा गेली की ती परत भरून येत नाही, आणि पुढची अडीचशे वर्षं डॉक्टरांकडे त्यावर फारसं उत्तर नव्हतं. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गहून ब्रिटबर्ग आणि पीटरसन वगैरेंचा पेपर आला, २३ पेशंटचा. स्वतःच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून बसवलेल्या. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांचा निकाल चांगला आला, पण वाटीच्या मागे खड्डा असलेल्या ७ जणांपैकी फक्त दोघांचा. हे आकडे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले, कारण खड्डा कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं आणि माझा चांगल्या जागी होता.

दुसरा पर्याय होता मायक्रोफ्रॅक्चर. खड्ड्याच्या तळाला हाडात बारीक भोकं पाडतात, हाडातून रक्त येतं, त्याची गाठ बसते आणि त्यातून नवीन थर तयार होतो. एकाच ऑपरेशनमध्ये काम होतं, खर्च कमी. पण तो थर मूळ कूर्चेसारखा नसतो, जास्त चिवट तंतूंचा असतो आणि बऱ्याच जणांचा काही वर्षांत झिजतो. दोन चौरस सेंटिमीटरच्या आतल्या खड्ड्याला ते चालून जातं, माझा त्याहून मोठा आणि मी दिवसभर मैदानावर उभी राहणारी बाई, म्हणून डॉक्टरांचा कल एसीआयकडे होता.

मधल्या काळात आणखी एका ठिकाणी जाऊन आलो, नाव लिहीत नाही. तिथे पोटाची चरबी काढून त्यातून त्याच दिवशी स्टेम सेल गुडघ्यात सोडतो म्हणाले, खड्डा भरेलच, या आठवड्यात ठरवलं तर पैसे कमी. माझा भाऊ फार्मा कंपनीत आहे, त्याने शांतपणे विचारलं, पेशी मोजता का, कुठल्या आहेत ते तपासता का, आणि या उपचाराला ड्रग कंट्रोलरची, म्हणजे देशात औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, मान्यता असल्याचा कागद दाखवा. कागद आला नाही, आधीच्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. बाहेर आल्यावर दादाने सांगितलं की आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, मान्यता नसलेला स्टेम सेलचा वापर हा संशोधनच समजायचा, म्हणजे तो रीतसर ट्रायलमध्ये आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीनेच व्हायला हवा, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. मला अजून राग येतो, कारण तिथे बाकावर बसलेले लोक शेत विकून आल्यासारखे दिसत होते. याउलट कूर्चेच्या पेशी वाढवून बसवायच्या उपचाराला आपल्याकडे २०१७ मध्येच ड्रग कंट्रोलरची मान्यता मिळालीय, रिग्रो बायोसायन्सेस कंपनीच्या कार्टिग्रोला. म्हणजे मान्यता मिळवता येते, रस्ता आहे.

पहिलं ऑपरेशन दुर्बिणीचं. त्याआधी रक्त तपासलं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी वगैरे, कारण पेशी लॅबमध्ये जाणार आणि तिथे दुसऱ्यांच्याही पेशी असणार. कमरेत भूल दिली, त्यामुळे मी जागी होते आणि मान वळवली की स्क्रीन दिसायचा. स्वतःचा गुडघा आतून बघणं हा प्रकार मी आयुष्यात विसरणार नाही. कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र, ओली, चमकणारी, आणि मध्येच खोबरं खरवडून करवंटी दिसावी तसा तो खड्डा, कडा फाटलेल्या, एक पापुद्रा पाण्यात हलत होता. हाच बहुतेक मध्ये अडकायचा. डॉक्टरांनी आतून एक सळई लावून खड्डा मोजला. मग जिथे वजन येत नाही अशा कडेच्या भागातून, दोन-तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचे काही दाणे होतील एवढी कूर्चा काढली आणि गुलाबी पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकली.

आता ती बाटली. सिस्टरने माझ्या डोक्याशी येऊन मला माझं पूर्ण नाव, जन्मतारीख सांगायला लावली, माझ्या मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचला, बाटलीवरच्या लेबलवरचा नंबर दुसऱ्या सिस्टरने वाचला, दोघींनी सह्या केल्या, मग बाटली बर्फाच्या पॅकच्या डब्यात, डब्यावर पुन्हा तोच नंबर आणि आत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. मला तेव्हा वाटलं केवढा हा सोपस्कार. नंतर कळलं की यावरच सगळं उभं आहे. लॅबमध्ये कितीतरी जणांच्या पेशी वाढत असतात, सूक्ष्मदर्शकाखाली माझी पेशी आणि तुमची पेशी सारखीच दिसणार, ती माझी आहे हे सांगणारा फक्त तो नंबर.

लॅबमध्ये काय होतं ते मी खोदून खोदून विचारलं. तुकडा बारीक चिरतात, एन्झाइम टाकून भोवतालचं कोलाजन विरघळवतात, की आतल्या पेशी मोकळ्या होतात. त्या काही लाख असतात. मग ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये त्या पसरट भांड्यात वाढवतात, खाद्य बदलत राहतात, जागा भरली की दुसऱ्या भांड्यात, असं करत कोटीच्या घरात नेतात. चार ते सहा आठवडे लागतात. पण गंमत अशी आहे की सपाट भांड्यात वाढताना या पेशी आपला स्वभाव विसरायला लागतात, लांबट होतात, कूर्चेचं खास कोलाजन बनवायचं कमी करतात. म्हणून फार वेळा वाढवून चालत नाही, आणि शेवटी त्यांना जेलमध्ये किंवा जाळीत चहूबाजूंनी आधार मिळाला की त्या परत मूळ वळणावर येतात. मग जंतू नाहीत ना, किती पेशी जिवंत आहेत, ही तपासणी होते आणि ती पास झाली तरच पेशी बाहेर पडतात.

त्या आठवड्यांत मी घरी आणि मेडिक्लेमचं भांडण चालू. आधी उत्तर आलं की स्टेम सेल थेरपी फक्त बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाच्या ट्रान्सप्लांटसाठीच चालते, तुमचा क्लेम बसत नाही. डॉक्टरांनी पत्र दिलं की या स्टेम सेल नाहीत, पेशंटच्या स्वतःच्या कूर्चेच्या पूर्ण वाढलेल्या पेशी आहेत आणि उत्पादनाला मान्यता आहे, सोबत मान्यतेची प्रत. बऱ्याच मेल आणि फोननंतर ऑपरेशनचा आणि बेडचा खर्च मिळाला, पेशींचा नाही मिळाला, आणि मोठा आकडा पेशींचाच असतो, लाखांत. तो आम्ही कर्ज काढून भरला. ज्यांना करायचंय त्यांनी हे पत्र ऑपरेशनच्या आधीच मागून घ्या आणि प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, लेखी घ्या.

दुसरी काळजी म्हणजे ताप. तयार पेशी फार टिकत नाहीत, लॅबमधून निघाल्या की थोड्याच वेळात गुडघ्यात जायला लागतात, त्यामुळे तारीख ठरली की ठरली. आणि माझी तारीख गणपतीनंतर लगेच. घरात गौरी, पाहुणे, लहान मुलं शिंकतायत, मी मात्र वरच्या खोलीत मास्क लावून. सासूबाईंनी नैवेद्याचं ताट वर पाठवलं आणि आरतीला मला व्हिडिओ कॉल लावला. एक साधा घसा खवखवला असता तरी सगळं अडलं असतं.

दुसऱ्या ऑपरेशनला गुडघा थोडा उघडतात. खड्ड्याच्या फाटक्या कडा कापून सरळ उभ्या करतात, तळ साफ आणि कोरडा. पेशी फायब्रिनमध्ये मिसळलेल्या, म्हणजे रक्त गोठताना जे जाळं बनतं त्याच पदार्थाच्या गोंदात. दोन सिरिंज एकत्र होऊन थेंब थेंब खड्ड्यात भरतात आणि मिनिटांत जेल घट्ट होतं. मग डॉक्टर गुडघा अनेकदा वाकवून सरळ करून बघतात की जागचं हलत नाही ना. हे नंतर त्यांनी सांगितलं, यावेळी मी झोपेत होते. पण भूल द्यायच्या आधी परत नाव, जन्मतारीख, मनगटावरचा नंबर, आणि बाटलीवरचा नंबर मला दाखवून वाचला. तोच होता. मी अक्षरशः रडले, टेबलावर पडल्या पडल्या.

आणि मग सुरू झालं खरं काम. दुसऱ्या दिवशी सीपीएम मशीनवर पाय. हे मशीन पाय धरून सावकाश वाकवतं, सरळ करतं, तासन्‌तास, आपण काही करायचं नाही. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर या डॉक्टरांच्या कामातून आलेलं हे, त्यांनी दाखवलं की सांधा हलता ठेवला तर कूर्चा चांगली भरते, त्याआधी सगळे सांधा प्लास्टरमध्ये बांधून ठेवायचे. कारण पुन्हा तेच, रक्त नाही. सांध्यातलं पाणी दाबलं गेलं आणि सुटलं की त्यातूनच पेशींना पोषण मिळतं. हालचाल हेच त्यांचं जेवण. पण वजन टाकायचं नाही! हलवायचं खूप आणि टेकवायचं नाही, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं फार अवघड जातं. पहिले सहा आठवडे कुबड्या, पायाचा अंगठा जमिनीला नुसता लावायचा. फिजिओ मॅडमनी बाथरूमचा वजनकाटा समोर ठेवला आणि म्हणाल्या पाय ठेवा, काटा इथपर्यंतच जायला पाहिजे, डोळे मिटून परत ठेवा. डोळे मिटले की माझा काटा सरळ दुप्पट. तेव्हा कळलं आपण किती वजन टाकतो ते आपल्याला कळतच नाही. मग रोज तो काट्याचा सराव, कधी पाच किलो, मग दहा, मग पंधरा, मॅडमच्या वहीत नोंद.

मांडीचा स्नायू इतका पटकन वाळतो की विश्वास बसत नाही. उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, एवढंच, आणि मला ते जमेना, मेंदू सांगतोय आणि मांडी ऐकतच नाही. मॅडम मांडीवर बोट आपटत राहायच्या, इथे, इथे, इथून उचला. एक दिवस स्नायू थरथरला आणि आम्ही दोघी ओरडलो. मी इतकी वर्षं मुलींना मैदानावर दामटवलंय, वॉर्मअप टाळला म्हणून रागावलेय, पण एका स्नायूसाठी एवढं लक्ष लावणं मी तिथे शिकले. नंतर सायकल, पाण्यात चालणं, एका पायावर तोल, छोट्या पायरीवर चढउतार. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं बरेच महिने बंद, घरात कमोड बसवून घ्यावा लागला, जेवायला टेबल. दुखायचं थांबलं की माणसाला वाटतं झालं, आणि तिथेच धोका, कारण बाहेरून बरं वाटतं तेव्हा आतलं जेल अजून मऊ असतं, कूर्चा पक्की व्हायला वर्ष आणि त्याहून जास्त लागतं.

रात्री मशीनवर पाय असताना झोप लागायची नाही तेव्हा दादा मला वाचायला पाठवायचा. त्यातलं कोरियाचं इनव्होसा प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. ही जीन थेरपी होती, पेशींमध्ये टीजीएफ-बीटा नावाच्या वाढीच्या प्रोटीनचा जीन घालून त्या गुडघ्यात सोडायच्या, ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याच्या झिजेसाठी. २०१७ मध्ये दक्षिण कोरियात मान्यता मिळाली, हजारोंनी पेशंटनी इंजेक्शन घेतलं. आणि २०१९ मध्ये उघड झालं की जीन घातलेल्या ज्या पेशी कूर्चेच्या म्हणून नोंदवल्या होत्या त्या प्रत्यक्षात किडनीपासून बनवलेल्या प्रयोगशाळेतल्या पेशी होत्या. मान्यता रद्द झाली. अमेरिकेतली ट्रायलही तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, थांबवली, २०२० मध्ये ती पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. हे वाचलं आणि मला ती दोन सिस्टरची नंबर वाचायची पद्धत आठवली. पेशी कुणाची, शरीराच्या कुठल्या भागातली, आणि ती तीच आहे हे कशावरून, हे तीन प्रश्न पेशंटने विचारलेच पाहिजेत, डॉक्टर कितीही मोठा असो.

माझं बघून आईने धोशा लावला की माझ्याही गुडघ्यात पेशी घाला. आईचे दोन्ही गुडघे वाकलेले, सगळीकडूनच झिजलेले, शेवटच्या ग्रेडचे. डॉक्टरांनी तिला फार प्रेमाने नाही म्हणून सांगितलं. एसीआय हे चांगल्या कूर्चेतला एखादा खड्डा भरायला, चारी बाजूंनी धरून ठेवायला कड लागते, पूर्ण झिजलेल्या सांध्यात पेशी टिकणार कुठे. झिजेसाठी बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या स्टेम सेल इंजेक्शनला २०२२ मध्ये मान्यता मिळालीय, त्या दुसऱ्यांनी दान केलेल्या बोन मॅरोतल्या पेशी असतात, आणि १४६ पेशंटच्या ट्रायलमध्ये दुखणं कमी झालं, पण तीही मधल्या टप्प्याच्या झिजेसाठी. आईच्या टप्प्याला सांधा बदलणंच योग्य. आई दोन दिवस नाराज होती. दिवाळीनंतर तिच्या उजव्या गुडघ्याचं ठरलंय.

वर्षानंतरच्या माझ्या एमआरआयमध्ये खड्डा भरलाय, कड शेजारच्या कूर्चेला जुळलीय, पातळी सारखी. ही अस्सल मूळ कूर्चा आहे का, हे तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि चांगल्या गुडघ्याचा तुकडा कुणी काढत नाही. स्वीडनच्या त्याच टीमने २०१० मध्ये जुन्या पेशंटना विचारलं होतं, ऑपरेशनला सरासरी बारा-तेरा वर्षं झालेल्या २२४ जणांनी उत्तरं दिली, त्यातल्या ९२ टक्क्यांनी परत करायची वेळ आली तर करू म्हणून सांगितलं. मीही त्यात हात वर केला असता. जिना न अडकता उतरते, खाली बसून उठते, पावसाळ्यात थोडं जड वाटतं. हळू पळायला परवानगी मिळालीय, मऊ मातीवरच. सूर मारणं आणि पळता पळता एकदम दिशा बदलणं मला कायमचं बंद, ते मुलींना दाखवायला माझी जुनी विद्यार्थिनी शनिवारी येते, ती आता विद्यापीठाकडून खेळते. मी शिट्टी घेऊन कडेला असते आणि मुलींच्या पायांकडे बघत असते, वळताना पाऊल रोवून ठेवू नका, उचलून फिरा, हे आता प्रत्येक सरावाला पहिल्यांदा घेते.